फसलेले रूट कॅनाल पुन्हा करून घेण्यासाठी तज्ज्ञ कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा त्रास देऊ लागली की रुग्णांच्या मनात जे प्रश्न येतात आणि जे आमच्याकडे सतत विचारले जातात, ते येथे एकत्र दिले आहेत. उत्तरे लिहिताना महाराष्ट्र आणि गोव्यातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवली आहे. गालावर किंवा हनुवटीखाली सूज वाढत असेल तर बाकीचे बाजूला ठेवून आधी प्रश्न २० वाचावा.

१. माझे रूट कॅनाल फसले आहे, हे कशावरून ओळखायचे?

उपचारानंतर पहिले काही दिवस चावताना दाढ दुखरी वाटणे स्वाभाविक आहे. मात्र कित्येक आठवडे उलटल्यावरही घास चावताना कळ येत असेल, हिरडीवर एकाच जागी पुटकुळी येऊन फुटत असेल आणि तोंडात खारट, घाण चव उतरत असेल, किंवा हिरडी अधूनमधून सुजत असेल, तर मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग शिल्लक असण्याची दाट शक्यता असते. पुटकुळी फुटली की आतला दाब कमी होऊन ठणका थांबतो आणि रुग्णाला वाटते की दुखणे गेले. प्रत्यक्षात पुवाला बाहेर पडायला वाट मिळालेली असते, एवढेच. थंड पाण्याने कळ येत असेल तर आधी शेजारचे दात तपासायला हवेत, कारण नस काढलेल्या दाढेला थंडी जाणवायला नको. त्याच दाढेला ती जाणवत असल्याचे सिद्ध झाले, तर आत एखादी नलिका साफ न होता राहिली असण्याचा तो इशारा असतो.

२. एवढा खर्च करून घेतलेला उपचार फसतो तरी कशामुळे?

कारणे अनेक असतात आणि पुढचा सगळा निर्णय त्या कारणावरच अवलंबून असतो. नेहमी आढळणारे कारण म्हणजे मुळातील एखादी नलिका सापडलेलीच नसते. वरच्या जबड्यातील पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा एक नव्हे तर दोन नलिका असतात. या दुसऱ्या नलिकेला दंतवैद्य ‘एमबी-टू’ म्हणतात. तिचे तोंड अतिशय बारीक असते आणि त्यावर डेंटिनची (दाताच्या आतल्या कठीण थराची) कड पुढे आलेली असते. ती कड अलगद तासल्याशिवाय तोंड दिसतच नाही. खालच्या पुढच्या दातांतही अशी दुसरी नलिका लपलेली असू शकते.

दुसरे मोठे कारण वरून होणारी गळती. आतले काम उत्तम झाले, पण रुग्णाने कॅप बसवून घ्यायला महिनोन्‌महिने लावले, तात्पुरते सिमेंट झिजले किंवा जुन्या कॅपखाली कीड लागली, तर लाळेबरोबर जंतू पुन्हा आत उतरतात. भरणी मुळाच्या टोकापासून बरीच अलीकडे थांबणे, वळणदार मुळात काम करताना आत पायरी (उपकरणाला पुढे जाऊ न देणारी खाच) पडणे, उपकरण तुटून अडकणे (प्रश्न १५) आणि मुळाच्या भिंतीला भोक पडणे, ही आणखी काही कारणे. शेवटचे कारण म्हणजे मुळाला गेलेली उभी चीर. ते वेगळे सांगावे लागते, कारण अशा मुळाचे रूट कॅनाल कितीही वेळा केले तरी ते बरे होत नाही.

म्हणून आमचे ठाम मत असे आहे की, पहिला उपचार का फसला याचे उत्तर शोधण्याआधीच ‘पुन्हा करून टाकू’ म्हणणाऱ्याच्या हाती दाढ देऊ नये. तज्ज्ञ निवडण्याची पहिली कसोटी हीच.

३. दवाखान्याच्या पाटीवर ‘रूट कॅनाल स्पेशालिस्ट’ लिहिले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

पाटीपेक्षा पदवी पाहावी. बीडीएस (दंतवैद्यकाची मूळ पदवी) झालेल्या दंतवैद्याला रूट कॅनाल करण्याचा अधिकार असतो आणि साधे, पहिल्यांदा करायचे रूट कॅनाल अनेक बीडीएस डॉक्टर उत्तम करतात. परंतु पुन्हा करायच्या कामासाठी त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती शोधावी. हे शिक्षण म्हणजे बीडीएसनंतरचे तीन वर्षांचे एमडीएस, आणि त्याची शाखा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स’. शाखेचे नाव विचारणे महत्त्वाचे आहे, कारण वाकडे दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांचे पेरिओडॉन्टिस्ट आणि कवळी-कॅपचे प्रोस्थोडॉन्टिस्ट हेही एमडीएसच असतात. चार दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर असायला हरकत नाही, पण ते या तीन वर्षांची जागा घेत नाही.

४. पदवी आणि नोंदणी कशी तपासावी?

दंतवैद्यांची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे होते. दवाखान्यातील प्रमाणपत्रावर किंवा औषधांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक पाहावा, आणि तो न दिसल्यास सरळ विचारावा. पदव्युत्तर पदवीही परिषदेकडे नोंदवली जाते, तेव्हा तिची चौकशी करण्यात गैर काहीच नाही.

५. आधीच्या डॉक्टरांकडे परत जावे, की परस्पर नवीन तज्ज्ञ गाठावा?

एकदा तरी परत जावे, निदान कागदपत्रांसाठी. डॉक्टर दुखावतील म्हणून अनेक जण संकोचतात आणि हात हलवत नवीन दवाखान्यात जातात. त्यात नुकसान रुग्णाचेच होते. उपचारापूर्वीचा, उपचारादरम्यानचा आणि नंतरचा असे तिन्ही एक्स-रे, उपचाराची तारीख, किती नलिका सापडल्या, आत काय भरले आणि काही अडचण आली होती का, एवढी माहिती मागावी. डिजिटल एक्स-रे असेल तर मूळ फाइल घ्यावी. पडद्याचा मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो पुरेसा स्पष्ट नसतो आणि बारीक नलिका त्यात हरवून जातात. प्रामाणिक डॉक्टर बहुधा स्वतःच एखाद्या एंडोडॉन्टिस्टचे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाचे) नाव सुचवतात.

६. ओळखीचे कोणी नाही. शोधाला सुरुवात कुठून करावी?

आपल्या नेहमीच्या दंतवैद्याला असे विचारावे : “तुमच्या स्वतःच्या घरातल्या माणसाची दाढ असती, तर तुम्ही कुणाकडे पाठवले असते?” दंत महाविद्यालयातील एंडोडॉन्टिक्स विभाग हा दुसरा भरवशाचा मार्ग (प्रश्न १४). इंटरनेटवरील तारांकित अभिप्रायांवरून स्वागतकक्षातील वागणूक आणि वेळ पाळण्याची सवय कळते. मुळाच्या टोकाशी वर्षभरानंतर हाड भरले की नाही, हे मात्र अभिप्राय लिहिणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

७. भेट ठरवण्याआधी फोनवर नेमके काय विचारावे?

पहिला प्रश्न : पुन्हा करायची रूट कॅनाल डॉक्टर नेहमी करतात का? दुसरा : सूक्ष्मदर्शक आहे का, आणि तो प्रत्येक रुग्णासाठी वापरतात का? तिसरा : रबर डॅम लावतात का? दाढेभोवती ताणून बसवायचा हा रबराचा पडदा १८६४ सालापासून दंतवैद्यकात आहे. तो लाळेतील जंतू दाढेत जाऊ देत नाही आणि बारीक उपकरणे किंवा जंतुनाशक द्रावण घशात उतरू देत नाही. फसलेले रूट कॅनाल निस्तरताना रबर डॅम ‘गरज पडली तर’ वापरणाऱ्याकडे आम्ही जाणार नाही. चौथा प्रश्न : पहिल्या भेटीत फक्त तपासणी होते, की लगेच काम सुरू करतात? तपासणी आणि सल्ल्यासाठी वेगळा वेळ देणारा दवाखाना चांगला. फोनवरच यशाची हमी देणारे किंवा एक्स-रे न पाहता रक्कम सांगून मोकळे होणारे मात्र टाळावेत.

८. आमच्या गावात एंडोडॉन्टिस्ट नाहीत, पण बाहेरून दर पंधरवड्याला येतात. त्यांच्याकडून करून घ्यावे का?

महाराष्ट्रात ही पद्धत सर्रास आहे. अनेक चांगले एंडोडॉन्टिस्ट ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्यांच्या दवाखान्यांत जाऊन काम करतात. त्यांचे कौशल्य तेच असते. साधने मात्र बऱ्याचदा बरोबर नसतात. सूक्ष्मदर्शक जड असतो, तो मोटारीतून दर वेळी हलवणे कठीण. तेव्हा येणाऱ्या डॉक्टरांचे पूर्ण नाव आणि शाखा विचारावी, त्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक किंवा निदान लूप्स (चष्म्यावर बसवायची भिंगे) आणि अल्ट्रासॉनिक (सूक्ष्म कंपनांवर चालणारे) उपकरण असते का ते पाहावे, आणि दोन भेटींच्या मधे दाढ ठणकली तर कुणी पाहायचे हे आधी ठरवून घ्यावे. सोपे काम तेथे जरूर करावे. अडकलेले उपकरण, मुळाला भोक किंवा जाड पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली काडी) असेल तर त्याच डॉक्टरांना विचारावे की त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात येऊ का. एका प्रवासाचा त्रास दाढ जाण्यापेक्षा पुष्कळ बरा.

९. पहिल्या भेटीत तज्ज्ञाने काय काय तपासायला हवे?

दुखणाऱ्या दाढेबरोबर शेजारच्या आणि समोरच्या दातांवरही ठोकून पाहणे, थंडीची चाचणी घेणे, एकेका उंचवट्यावर चावायला लावणे आणि हिरडीच्या कडेने बारीक मोजपट्टी फिरवून खोली मोजणे हे किमान आहे. सगळीकडे खोली दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी मोजपट्टी एकदम खोल गेली, तर उभ्या चिरेचा संशय बळावतो. हिरडीवर पुटकुळी असल्यास तिच्या तोंडातून गटापर्चाची (नलिकांत भरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी अलगद आत सरकवून एक्स-रे काढतात. त्यात ती काडी पांढऱ्या रेषेसारखी वळत जाऊन ज्या मुळाशी थांबते, ते मूळ दोषी. पुष्कळदा ते मूळ रुग्ण बोट दाखवत असतो त्या दाढेचे नसतेच. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, आणि ती न करता वर्षभर चुकीच्या दाढेवर इलाज होऊ शकतो.

१०. सीबीसीटी स्कॅन खरेच लागतो, की तो उगाच वाढवलेला खर्च असतो?

साध्या एक्स-रेमध्ये पुढची-मागची मुळे एकमेकांवर पडतात. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये ती वेगवेगळी पाहता येतात, त्यामुळे राहून गेलेली नलिका, मुळाचे भोक आणि हाडाची झीज बऱ्याच अंशी आधीच कळते. बऱ्या न झालेल्या रूट कॅनालच्या तपासणीत त्याचा उपयोग आता सर्वमान्य आहे. मात्र त्या भागापुरता छोटा स्कॅन पुरेसा असतो. दोन्ही जबड्यांचा मोठा स्कॅन या कामासाठी सहसा लागत नाही. जुन्या भरणीमुळे आणि धातूच्या पोस्टमुळे चित्रात रेघा येतात, म्हणून बारीक चीर स्कॅनमध्ये दिसली नाही याचा अर्थ ती नाहीच असा होत नाही. वरच्या दाढेबरोबर एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण त्या मुळांचा संसर्ग सायनसपर्यंत पोचलेला असू शकतो.

११. पुन्हा करायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? फार दुखते का?

भूल दिलेली असते, त्यामुळे काम चालू असताना सहसा दुखत नाही. नंतर दोन-चार दिवस दाढ हुळहुळी राहू शकते. रबर डॅम लावून कॅपमधून किंवा कॅप काढून आत वाट केली जाते. पोस्ट असेल तर अल्ट्रासॉनिकच्या कंपनांनी ती सैल करतात. मग नलिकांत भरलेले गटापर्चा बारीक फाइलींनी, आणि लागल्यास ते मऊ करणाऱ्या द्रावणाने थोडेथोडे करून बाहेर काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली दाढेच्या तळाशी निरनिराळ्या छटा दिसतात. एका नलिकेच्या तोंडापासून दुसरीकडे जाणाऱ्या गडद रेषेचा माग काढत तज्ज्ञ राहून गेलेली नलिका शोधतो. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटने वारंवार धुतात. पू किंवा एक्स-रेमध्ये मुळाशी मोठा डाग (हाड झिजल्याची खूण) असेल तर बहुतेक तज्ज्ञ आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एक ते तीन आठवडे थांबतात, आणि दाढ शांत झाल्यावर कायमची भरणी करतात. एका बैठकीला तासाहून अधिक वेळ लागू शकतो.

कॅप वाचवायची की नाही, हा येथे नेहमी येणारा उपप्रश्न. कॅप नवी आणि घट्ट असेल तर तिच्यातून भोक पाडून काम करता येते. कडेने कीड दिसत असेल किंवा चिरेचा संशय असेल तर ती काढणेच योग्य, कारण खाली किती दात शिल्लक आहे हे पाहिल्याशिवाय पुढचा खर्च करण्यात अर्थ नसतो.

१२. यशाची शक्यता किती? दाढ बरी झाली हे कधी कळते?

दहापैकी साधारण सात ते आठ दाढा पुन्हा केलेल्या उपचाराने बऱ्या होतात. आधी मुळाशी मोठा डाग असेल, जुनी पायरी ओलांडून मुळाच्या टोकापर्यंत पोचता आले नाही किंवा वरची कॅप नीट बसली नाही, तर ही शक्यता घटते. दुखणे लवकर थांबते, पण हाड सावकाश भरते. म्हणून एका वर्षाने एक्स-रे काढून जुन्याशी ताडून पाहायचा असतो. डाग लहान झाला असला पण पूर्ण गेला नसला, तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्याची पद्धत आहे. कायमची भरणी झाल्यावर कॅपला उशीर करू नये (प्रश्न २).

१३. दाढ अजिबात दुखत नाही, फक्त एक्स-रेमध्ये डाग आहे. तरी करून घ्यावे का?

पहिला उपचार कधी झाला आणि त्या वेळचा डाग केवढा होता, हे आधी पाहावे. सहा महिन्यांपूर्वीच्या उपचारानंतर उरलेला लहानसा डाग भरून येण्याच्या वाटेवर असू शकतो. अशा वेळी थांबून पुन्हा एक्स-रे काढणेच शहाणपणाचे. उलट डाग वाढला असेल, किंवा चार वर्षांनंतरही तेवढाच असेल, तर दुखण्याची वाट पाहू नये. त्या दाढेवर नवी कॅप किंवा ब्रिज बसवायचा असेल तर आतले काम आधी, कॅप नंतर.

१४. खर्च परवडत नाही. सरकारी सोय आहे का?

आहे, आणि ती कमी प्रतीची समजू नये. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रल येथील महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय येथे खासगी दवाखान्यांपेक्षा खूप कमी खर्चात उपचार होतात. पुणे, नाशिक, लोणी, कराड, वर्ध्याजवळील सावंगी येथील खासगी दंत महाविद्यालयांतही दर तुलनेने कमी असतात. काम एमडीएसचे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. त्यात वेळ आणि फेऱ्या जास्त लागतात. रोजंदारी बुडणाऱ्या माणसाने हा हिशेबही धरावा. केसपेपर काढताना दाढेचे रूट कॅनाल आधी झालेले आहे, हे स्पष्ट सांगावे.

खासगी दवाखान्यात लेखी अंदाज घ्यावा, आणि त्यात स्कॅन, जुनी कॅप काढणे, आतली भरणी आणि नवी कॅप धरली आहे का ते पाहावे. अर्ध्यात असे आढळले की दाढ वाचणार नाही, तर किती रक्कम द्यावी लागेल हेही विचारावे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत अपघात वगळता दातांचे नेहमीचे उपचार मिळत नाहीत.

१५. आधीच्या डॉक्टरांनी सांगितले की ‘सुई आत राहिली आहे’. दाढ काढावी लागेल का?

नुसत्या तेवढ्या कारणासाठी नाही. आत राहिलेला तुकडा म्हणजे नलिका साफ करण्याची फाइल. ती स्वतः विष नसते. प्रश्न तिच्या पलीकडे अडकून पडलेल्या जंतूंचा असतो. मूळ निर्जंतुक झाल्यानंतर तुकडा अडकला असेल तर दाढ वर्षानुवर्षे शांत राहू शकते. तुकडा मुळाच्या वरच्या सरळ भागात असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तो काढता येतो किंवा त्याच्या बाजूने वाट करता येते. वळणाच्या पुढे गेलेला तुकडा ओढून काढण्याच्या हट्टापायी मुळाची भिंत फार तासली गेली, तर पुढे मूळ तडकते. कुठे थांबायचे हे ज्याला कळते, तोच येथे खरा तज्ज्ञ.

१६. माझ्या दाढेत जुने लाल रंगाचे औषध भरले आहे, म्हणून डॉक्टर हात लावायला तयार नाहीत. असे का?

ते बहुधा रेसॉर्सिनॉल आणि फॉर्मलिनचे मिश्रण असते. रशिया, चीन आणि भारतात ते पूर्वी बरेच वापरले गेले. ते घट्ट झाले की दगडासारखे कठीण होते, नेहमीच्या द्रावणांत विरघळत नाही आणि दातालाही लालसर रंग चढवते. अल्ट्रासॉनिकने त्यातून वाट काढता येते, पण भिंतीला भोक पडण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी नकार दिला तर त्याला जबाबदारीची जाणीव समजावे आणि त्यांनाच पुढचे नाव विचारावे.

१७. एक डॉक्टर ‘पुन्हा करू’ म्हणतात, दुसरे ‘शस्त्रक्रिया’, तिसरे ‘काढून इम्प्लांट’. कोणाचे ऐकावे?

तिघांनाही एकच विचारावे : तुमच्या मते पहिला उपचार कशामुळे फसला? राहिलेली नलिका किंवा वरून गळती असेल तर वरूनच पुन्हा करणे योग्य. आतली भरणी उत्तम आहे, किंवा मोठी पोस्ट काढणे धोक्याचे आहे आणि तरी डाग राहिला आहे, अशा वेळी हिरडी उघडून मुळाचे सुमारे तीन मिलिमीटर टोक कापतात आणि मागून एमटीएसारखे सिमेंट भरतात. ही शस्त्रक्रियाही एंडोडॉन्टिस्टच्या विषयात येते. उभी चीर असेल किंवा हिरडीच्या वर पुरेसा दात उरलाच नसेल तर दाढ काढावी. वाचू शकणारी दाढ केवळ इम्प्लांट सोपे म्हणून काढणे आम्हाला मान्य नाही, कारण वाचवलेली दाढ नंतरही काढता येते, काढलेली परत बसत नाही.

१८. मधुमेह, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, हाडांची औषधे किंवा गरोदरपण असेल तर?

मधुमेह असलेल्यांनी अलीकडचा एचबीएवनसी रिपोर्ट न्यावा. साखर आटोक्यात नसेल तर डाग भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. वरून पुन्हा करायच्या रूट कॅनालसाठी त्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. ऑस्टिओपोरोसिस किंवा कर्करोगासाठी ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब चालू असेल, अथवा पूर्वी घेतले असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. अशा रुग्णांत दाढ काढल्यावर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो, त्यामुळे दाढ वाचवण्याचे महत्त्व वाढते. गरोदरपणात दुसरी तिमाही सोयीची, परंतु संसर्ग असेल तर कोणत्याही महिन्यात दुखणे अंगावर काढू नये.

१९. मी परदेशात राहतो आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीत भारतात येऊन हे करून घ्यायचे आहे. जमेल का?

साधे काम असेल तर जमते, पण भेटी आधी ठरवाव्यात. तेथूनच सीबीसीटी करून त्याच्या मूळ फाइली तज्ज्ञाला पाठवाव्यात आणि पहिली बैठक आल्याआल्या घ्यावी, म्हणजे मधल्या औषधाला वेळ मिळतो आणि निघण्यापूर्वी कॅपही होते. शस्त्रक्रियेची शक्यता असेल तर तीन आठवड्यांत घाई करू नये. परतताना सर्व एक्स-रे बरोबर घ्यावेत, कारण वर्षाची तपासणी तेथेच होणार.

२०. अचानक सूज आली आहे आणि तज्ज्ञांची वेळ आठवड्याने आहे. तोवर काय करावे?

दवाखान्यात फोन करून सूज आल्याचे सांगावे. पू वाहता करून देण्यासाठी बहुतेक डॉक्टर त्याच दिवशी पाहतात. दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेऊ नयेत. ताप किंवा पसरणारी सूज असेल तेव्हाच त्यांची गरज असते आणि तेव्हाही दाढेतील मूळ कारण त्यांनी जात नाही. तोंड उघडत नसेल, गिळता येत नसेल, श्वास जड होत असेल, किंवा सूज हनुवटीखाली अथवा डोळ्याकडे पसरत असेल, तर दंतवैद्याची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. अशी सूज काही तासांत श्वासमार्ग बंद करू शकते.

२१. आधीच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करता येते का?

उपचार फसणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. काळजीपूर्वक केलेले रूट कॅनालही फसते. उपकरण तुटल्याचे लपवणे, भलत्याच दाढेवर काम करणे किंवा नोंदणी नसताना उपचार करणे, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते, आणि पैसे मोजून घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे तक्रारीची मुदत सामान्यतः कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. कोणत्याही मार्गाने जायचे तरी प्रश्न ५ मधील कागदपत्रे लागतात.

२२. दोनदा रूट कॅनाल झाले, सर्व एक्स-रे स्वच्छ आहेत, तरीही दुखते. आता तिसऱ्यांदा करावे का?

नाही, आधी थांबावे. जबड्याच्या सांध्याचे किंवा चावण्याच्या स्नायूंचे दुखणे दाढेत जाणवू शकते. चेहऱ्याच्या नसेच्या विकारात दात घासताना किंवा चेहऱ्यावर वारा लागताच विजेच्या झटक्यासारखी कळ येते आणि क्षणात जाते. अशा रुग्णांच्या एकामागून एक निरोगी दाढा काढल्या जातात आणि दुखणे जागच्या जागी राहते. जागा बधिर करून पाहिल्यावरही दुखणे कमी झाले नाही, तर ते त्या दाढेचे नसण्याचीच शक्यता अधिक. अशा वेळी दंत महाविद्यालयातील ओरल मेडिसिन विभागाकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जावे, आणि दुखणे कधी, किती वेळ आणि कशाने सुरू होते याची दोन आठवड्यांची टिपणे बरोबर न्यावीत.